वनजिल्ह्यातला पहिला हिवाळा आणि घरातील मुके सोबती

चंद्रपूरचे नाव घेताच डोळ्यांपुढे उभा राहतो तो मे महिन्याचा वणवा. पारा ४७-४८ अंशांवर चढल्याच्या बातम्या साऱ्या महाराष्ट्राने वाचलेल्या असतात. त्यामुळे वीज केंद्र, कोळसा खाणी, वन विभाग वा शाळा-रुग्णालयांतील नोकरीनिमित्त मुंबई-कोकणातून बदली होऊन येणारी कुटुंबे कूलरची सोय आधी पाहतात. हिवाळ्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे वारे सुरू झाले, की चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली या पट्ट्यात रात्रीचे तापमान दहा अंशांच्याही खाली उतरते. आपण कपाटातून स्वेटर काढतो. सोबत आणलेला कुत्रा, मांजर किंवा पिंजऱ्यातील पाखरू यांचा हा पहिला हिवाळा मात्र पुष्कळदा दुर्लक्षितच राहतो.

निरोगी, प्रौढ कुत्र्याला दहा अंशांची थंडी सहसा घातक नसते. त्याच्या शरीराचे तापमान आपल्यापेक्षा अधिक, म्हणजे साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. दिवस लहान होत जातात आणि गारवा वाढतो, तसतशी त्याच्या अंगावर दाट लव येऊ लागते. परंतु या तयारीला काही आठवडे लागतात. उन्हाळ्यात केस बारीक कापून घेतले असतील, तर ऑक्टोबरनंतर पुन्हा कात्री लावू नये. खरी काळजी घ्यावी लागते ती पिलांची, म्हाताऱ्या व आजारी प्राण्यांची आणि आखूड केसांच्या, सडपातळ जातींची. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पिलांना स्वतःचे तापमान राखताच येत नाही.

उबेची व्यवस्था या भागात स्वस्तात होते. धानाची मळणी नुकतीच झालेली असते आणि कोरडे तणस मुबलक मिळते. लाकडी फळी किंवा गोणपाट अंथरून त्यावर तणसाचा जाड थर दिला, की फरशीचा गारठा अंगाला लागत नाही. तणस ओले वा बुरसटलेले नसावे आणि आठवड्याला बदलावे. अंथरूण दारातील वाऱ्याच्या झोतात नको. अंघोळ हवीच असेल तर दुपारी, कोमट पाण्याने घालावी आणि अंग पूर्ण कोरडे होईपर्यंत प्राण्याला उन्हात ठेवावे. रात्री घातलेला स्वेटर सकाळी ऊन चढल्यावर काढून टाकावा, कारण येथील दुपार हिवाळ्यातही उबदार असते.

थंडीपेक्षा मोठा धोका मात्र आपल्या उबेच्या साधनांत दडलेला असतो. कोळशाच्या या मुलखात थंडीच्या रात्री बंद खोलीत पेटती शेगडी ठेवली जाते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही आणि वासही नाही. ब्रिटनमधील खाणकामगार हा वायू ओळखण्यासाठी कॅनरी पक्षी सोबत नेत. पाखराचा श्वास जलद चालत असल्याने माणसाच्या आधी ते कोसळे. ही पद्धत तेथे १९८६ पर्यंत टिकून होती. घरातील पिंजऱ्यातले पाखरू किंवा छोटे पिलू असेच पहिले बळी ठरू शकते आणि त्याच खोलीत निजलेली आपली मुले त्यानंतरची. शेगडी वापरायचीच असेल तर ती उघड्यावर वापरावी. निजण्याच्या खोलीत तिला जागा नाही.

औषधांच्या डब्याबाबतही अशीच सावधगिरी हवी. थंडीत म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आखडतात, मांजर शिंकू लागते आणि आपण ममतेपोटी घरातली गोळी पुढे करतो. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते; आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडांना घातक आहे. लोकरीच्या कपड्यांतील डांबराच्या गोळ्या चघळल्यासही विषबाधा होते. थंडीत प्राणी पाणी कमी पितात. त्यातून बोक्याची लघवी अडण्याचा धोका वाढतो. तो वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.

प्राणी सुस्त पडला, कान-पंजे गार लागले किंवा जोराची थरथर एकाएकी थांबून तो निपचित झाला, तर शरीराचे तापमान घसरल्याचे समजावे. त्याला कोरड्या घोंगडीत गुंडाळावे, कोमट पाण्याची बाटली कापडात लपेटून जवळ ठेवावी आणि तातडीने पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. अंगावर कढत पाणी ओतू नये, विस्तवाजवळही नेऊ नये.

या दोन जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे घराशेजारचे जंगल. कुत्रा हे बिबट्याचे सहज भक्ष्य आहे. २०२२ साली चंद्रपूरच्या ऊर्जानगर-दुर्गापूर परिसरात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसेही दगावली. अंगणात साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही आणि त्याच्या भुंकण्याने बाहेर धावणारा माणूस अंधारात थेट संकटापुढे जातो. म्हणून रात्री कुत्रा घरातच असावा. सकाळचा फेरफटकाही ऊन पडल्यावरच घ्यावा. तोवर गारठा ओसरतो, जमिनीलगत साचलेला धूर विरळ होतो आणि झुडपांतले दिसू लागते.

लसीकरणाकडेही याच नजरेने पाहावे. रेबीजची लस कुटुंबासाठी अनिवार्यच आहे. त्याच भेटीत कुत्र्याला डिस्टेंपरचीही लस द्यावी. हा विषाणू थंड हवेत अधिक काळ तग धरतो आणि वाघ-सिंहांनाही सोडत नाही. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यातील काहींत हाच विषाणू आढळला होता. ताडोबाच्या वेशीवर राहणाऱ्या कुटुंबाने आपल्या कुत्र्याला टोचून घेतलेली सुई त्या जंगलाचेही रक्षण करते. थंडी पडण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, कुत्र्याचे लसीकरणाचे पुस्तक एकदा उघडून तारखा तपासून घ्याव्यात.