चाळीसगावचा टांगा आणि अमेरिकेचा रद्द झालेला कायदा

अमेरिकेतील काळ्या-गोऱ्यांच्या वादाविषयी जे हाती लागेल ते वाचीत राहण्याचा छंद मला फार वर्षांपासून आहे, आणि या वाचनात एक गोष्ट मनाला सतत खटकत आली आहे ती ही की, वाद मतदानाच्या हक्काचा असो, महाविद्यालयातील प्रवेशाचा असो की पोलिसांच्या जुलमाचा असो, तो हळूहळू मूळ विषयापासून ढळतो आणि अधिक सोसले कोणी, या एकाच प्रश्नापाशी येऊन अडतो. एकदा वाद या वळणावर गेला की पीडिताची कैफियत ऐकून घेण्याऐवजी तिच्या तोडीस तोड दुसरी कैफियत उभी करण्यातच सर्वांची बुद्धी खर्ची पडू लागते, आणि ज्याने कालपर्यंत दार अडवून धरले होते तोही खरा अन्यायग्रस्त आपणच, अशी फिर्याद घेऊन पुढे येतो. या गुंत्यातून वाट दाखविणारा जो एक दस्तऐवज मला सापडला, तो अमेरिकेतला नाही. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत दोन हिंदी प्रतिनिधींनी तो सादर केला, आणि त्याच्या आदल्याच वर्षी त्या दोघांपैकी एक जण आपल्या खानदेशात, चाळीसगावच्या पुलावर, टांग्यातून फेकला जाऊन बेशुद्ध पडला होता.

डॉ. आंबेडकरांच्या त्या अपघाताची हकीकत अनेकांना ठाऊक असते. ती ज्या कामगिरीच्या ओघात घडली, तिच्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. नोव्हेंबर १९२८मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य वर्ग आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींच्या वसाहतींचे काम पाहणारे सनदी अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हे तिचे अध्यक्ष, आणि सभासदांत डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी, अमृतलाल ठक्कर प्रभृती मंडळी होती. जिल्हे वाटून घेण्यात आले तेव्हा पूर्व व पश्चिम खानदेश आंबेडकर आणि त्यांचे एक सहकारी यांच्या वाट्यास आले. गावकुसाबाहेरचे महारवाडे आणि सातपुड्याच्या उतारावरच्या भिल्लांच्या वस्त्या हे दोन्ही ज्या मुलखात शेजारी शेजारी आहेत, तो मुलूख अशा चौकशीला जितका आवश्यक तितकाच अवघड होता.

ऑक्टोबर १९२९मध्ये काम आटोपून मुंबईस परतताना आंबेडकर चाळीसगावी उतरले, ते धुळ्याच्या फाट्यावरील एका गावी जाण्यासाठी. त्या गावच्या सवर्णांनी तेथल्या अस्पृश्यांवर बहिष्कार पुकारला होता आणि त्याची चौकशी व्हावयाची होती. चाळीसगावच्या मंडळींनी स्थानकावर येऊन रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला. तो मोडवेना म्हणून त्यांनी होकार दिला, धुळ्याची गाडी धरून ते गाव गाठले, जाबजबाब घेतले आणि पुढच्या गाडीने ते चाळीसगावी परत आले. मंडळी वाट पाहत उभी होती. हारतुरे झाले. महारवाडा स्थानकापासून दोनच मैलांवर, वाटेत एक नदी आणि तिच्यावर पूल. पायी जाण्याजोगे अंतर. स्थानकाबाहेर भाड्याचे टांगेही उभे. तरीही तासभर कोणी हालेना. अखेरीस एक टांगा आला, पाहुणे त्यात बसले, आणि बाकीची मंडळी आडवाटेने पायी पुढे निघाली. टांग्यात दोघेच होते, हाकणारा आणि पाहुणा.

दोनशे पावले गेली नाहीत तोच टांगा समोरून येणाऱ्या मोटारीवर आदळावयाचा. पोलीस शिपायाने मोठ्याने ओरडून मोटारवाल्याला सावध केले म्हणून त्या वेळचा प्रसंग टळला. पुढे पूल आला. त्याला कठडा नव्हता. पाच-दहा फुटांच्या अंतराने एकेक दगड रोवून कड आखलेली होती, आणि रस्ता पुलाला काटकोनात मिळत असल्याने वळण एकाएकी घ्यावे लागे. पहिल्याच दगडापाशी घोडा सरळ न जाता उधळला, चाक दगडावर आपटले, आंबेडकर उचलले जाऊन पुलाच्या फरसावर फेकले गेले आणि घोडा-गाडी खाली नदीत गेली. पैलतीरावरच महारवाडा होता. पुढे पोहोचलेली माणसे धावून आली आणि बायकापोरांच्या आकांतात त्यांना उचलून नेण्यात आले. पायाचे हाड मोडले होते.

रोज अनेक टांगे ज्या पुलावरून ये-जा करतात तेथे असे का व्हावे, याचा उलगडा त्यांना चौकशीअंती झाला, आणि त्यांनी तो पुढे १९३५च्या सुमारास लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणात नमूद केला. टांगेवाल्यांपैकी एकही अस्पृश्य उतारूला घेऊन टांगा हाकावयास तयार नव्हता. तसे करणे त्यांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे होते. आपल्या पाहुण्याने पायी चालत यावे, हे महारवाड्याच्या प्रतिष्ठेला सोसण्याजोगे नव्हते. तेव्हा तडजोड निघाली ती अशी की, टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा ज्याचा त्याने पाहावा. महारवाड्यातल्या एकाने लगाम हाती घेतला. त्याने टांगा कधी हाकला नव्हता. जबाबदारीची जाणीव होताच तो गांगरला आणि घोडा त्याला आवरेना. हे टिपण परदेशी वाचकाला अस्पृश्यतेची कल्पना यावी म्हणून लिहिलेले होते. ते ग्रंथरूपाने १९९०मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ज्या कोलंबिया विद्यापीठात आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेथे आता ते अभ्यासक्रमात वाचले जाते.

या हकीकतीत मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो तो पैशासाठी दिवसभर स्थानकाबाहेर उभा राहणारा टांगेवाला. त्याच्यापाशी जमीन नाही, विद्या नाही, अधिकार नाही. मिळणारे भाडेसुद्धा तो सोडून देतो, पण एक बॅरिस्टर आपल्याहून खालचा आहे, ही जन्माने मिळालेली मिरास सोडावयास तो तयार नाही. याच वर्षांत, १९३५ साली, डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विद्वानाने यादवी युद्धानंतरच्या काळावरील आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, दक्षिणेकडील गरीब गोऱ्या मजुराला रोजगार तुटपुंजा मिळत असला तरी गोरेपणाचा मान हे एक प्रकारचे मानसिक वेतन त्याला मिळत होते, आणि त्या वेतनावर समाधान मानून तो काळ्या मजुराशी हातमिळवणी करण्यास नकार देत होता. एकाने ग्रंथालयात बसून आणि दुसऱ्याने मोडक्या पायाने, दोघांनी एकच शोध लावला, असे मी मानतो.

समितीचा अहवाल मार्च १९३०मध्ये आला, म्हणजे ज्या महिन्यात नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला त्याच महिन्यात. त्यातील शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, गिरण्यांतील व रेल्वेच्या कारखान्यांतील उमेदवारी यांविषयीच्या शिफारशी महत्त्वाच्या आहेत. त्यात सुचविलेली वर्गवारी, म्हणजे अस्पृश्य, आदिवासी आणि इतर मागास वर्ग ही विभागणी, पुढे सरकारी दप्तरात रूढ झाली. परंतु अहवालाचा प्राण मला बहिष्काराविषयीच्या परिच्छेदात दिसतो. प्रत्येक गावात अस्पृश्य मूठभर, त्यांतले बहुतेक सवर्णांची जमीन कसणारे किंवा त्यांच्या शेतावर राबणारे. कोणी आपला हक्क बजावू पाहिला की जमीन काढून घेतली जाते, काम बंद होते, वाट अडविली जाते, वाणी जिन्नस देईनासा होतो. आणि निमित्त काय, तर सार्वजनिक विहिरीवर पाणी भरले, चांगले कपडे घातले, दागिना घातला, जमीन खरेदी केली, जानवे घातले, किंवा नवरदेवाला घोड्यावर बसवून भर रस्त्याने वरात काढली. मुंबई कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा खुल्या करण्याचा ठराव संमत करून घेतला होता. पण ठराव कागदावर आणि वाणी दुकानावर, अशी परिस्थिती होती. धुळ्याच्या फाट्यावरील त्या गावाचे गाऱ्हाणे ऐकून आलेल्या सभासदाला हे कोणी शिकवावे लागणार नव्हते.

१९३०च्याच अखेरीस लंडनला गोलमेज परिषद भरली आणि आंबेडकर व मद्रासचे रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना अल्पसंख्याक समितीपुढे ठेवली. स्टार्ट समितीचा बहिष्कारावरील मजकूर तिच्यात उतरवून घेतलेला आहे, बहिष्काराला शिक्षा ठरविणारी कलमे १९२२च्या ब्रह्मदेशातील कायद्यावरून घेतली आहेत, आणि समान नागरिकत्वाच्या कलमांचा आधार म्हणून उल्लेख आहे तो अमेरिकेने गुलाममुक्तीनंतर निग्रोंच्या हितासाठी केलेल्या १८६६ व १८७५च्या कायद्यांचा. १८७५चा कायदा खाणावळी, नाट्यगृहे आणि जमिनीवरील व पाण्यावरील वाहने सर्वांस खुली करतो. आंबेडकरांच्या मसुद्यात तेच वाक्य आपल्या भूमीवर येते तेव्हा त्यात रस्ते, पायवाटा, तळी, विहिरी आणि पाणवठे यांची भर पडते, आणि अमेरिकन कायद्यातली एक वर्षाची कमाल कैद येथे पाच वर्षांची होते. जमिनीवरील सार्वजनिक वाहन या शब्दांत चाळीसगाव स्थानकाबाहेरचा टांगा बसतो. त्या निवेदनात स्वतःच्या मोडलेल्या पायाचा उल्लेख नाही. दुखापत होती ती कलमात विरघळून गेली, आणि म्हणूनच ती एकट्याची राहिली नाही.

आंबेडकरांनी १८७५चा जो कायदा आधाराला घेतला तो त्या वेळी आपल्या जन्मभूमीत मृतप्राय होता. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यानंतर दोनच वर्षांनी तो झाला. आणि जोतीराव हयात असतानाच, १८८३ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठास एक अशा बहुमताने तो रद्द ठरविला. त्या वेळच्या पाच मुकदम्यांपैकी एक टेनेसीतील आगगाडीच्या स्त्रियांच्या डब्यात बसू न दिलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीचा होता. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ब्रॅडली यांचे म्हणणे असे पडले की, गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाने कधी तरी कायद्याचे खास लाडके असणे थांबवून सामान्य नागरिक झाले पाहिजे. गुलामगिरी नष्ट होऊन तेव्हा अठराच वर्षे लोटली होती. डब्यातून बाहेर काढलेली स्त्री लाडकी ठरली आणि डबा बंद करणारी कंपनी गांजलेली ठरली, हे उलटे गणित तेथून पुढे अमेरिकन राजकारणात वारंवार मांडले गेले. हार्लन या एकट्या न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदविले. ते स्वतः पूर्वी गुलामांचे मालक होते. खाणावळी आणि नाट्यगृहे देशभर खुली करणारा कायदा पुन्हा होण्यास १९६४ साल उजाडावे लागले.

आपल्याकडेही तराजू हाती घेण्याचा मोह थोरांना सुटला नाही. कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेच्या, हिंदी समाजावर टीका करणाऱ्या १९२७च्या पुस्तकाला उत्तर देताना लाला लजपतराय यांनी ‘अनहॅपी इंडिया’त अमेरिकेतील झुंडहत्यांचे दाखले देऊन असे प्रतिपादन केले की, निग्रोंची स्थिती अस्पृश्यांहूनही वाईट आहे. लालाजींची देशभक्ती आणि निग्रोंविषयीची त्यांची कळकळ दोन्ही खऱ्या होत्या. परंतु एका देशाच्या पापाने दुसऱ्या देशाचे पाप फिटत नाही, हे त्या आवेशात बाजूला पडले. आंबेडकरांनी नंतर उत्तर लिहिले आणि गुलाम ही मालमत्ता असल्याने मालकाला निदान तिची निगा राखावी लागे, अस्पृश्याची निगा राखण्यास मात्र कोणीच बांधलेला नाही, असा युक्तिवाद केला. तो समर्थ आहे. पण मला त्या तुलनेपेक्षा १९३०चा मसुदा श्रेष्ठ वाटतो, कारण तुलनेत दोन दुःखे एकमेकांसमोर उभी राहतात, तर मसुद्यात एक दुःख दुसऱ्याच्या उपयोगी पडते. १९४६मध्ये त्यांनी डु बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या, तेही याच बुद्धीने. आणि डु बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर धाडले.

आता हा व्यवहार उलट दिशेने सुरू झाला आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तशाच आशयाचे विधेयक संमत केले आणि गव्हर्नर न्यूसम यांनी, अस्तित्वात असलेले कायदे पुरेसे आहेत, या कारणास्तव ऑक्टोबरात ते नामंजूर केले. त्या वादात अनेक हिंदू संघटनांनी अशा कायद्याने आमचा समाजच संशयित ठरतो, अशी तक्रार मांडली. परक्या देशात अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या माणसाचे हे भय खोटे आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु सर्वांना सारखा लागू होणारा नियम हा आपल्यावरचा आरोप आहे असे ज्याला वाटते, त्याने तो नियम कोणाच्या संरक्षणासाठी मागितला गेला हेही पाहिले पाहिजे. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या अमेरिकन नागरिकत्वाविषयीच्या मुकदम्यात उच्चवर्णीय आर्य म्हणून आपण गोरेच आहोत, असे त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मांडण्यात आले होते आणि न्यायालयाने ते झिडकारले. जातीच्या बळावर वंशभेदाच्या उंबरठ्याआत जाऊ पाहणाऱ्यांच्या हाती काय लागले, हे विसरण्याजोगे नाही.

स्वतंत्र भारताच्या घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५च्या कायद्याने जे नकार गुन्हा ठरविले त्यांत सार्वजनिक वाहनाचा स्पष्ट समावेश आहे. बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र आणि व्यापक कायदा करण्यास महाराष्ट्राला २०१६ साल लागले. हा उशीर लाजिरवाणा आहे. पण त्या कायद्याचा आसरा घेणाऱ्यांत आपल्याच जातपंचायतीने वाळीत टाकलेली, नाना जातींची कुटुंबे आहेत, आणि १९३०च्या मसुद्यामागील विचाराची खरी कसोटी मला येथे लागलेली दिसते. अधिक सोसले कोणी, हे या माणसांना कोणी विचारीत नाही. दुकानदाराने जिन्नस नाकारला का, वाट कोणी अडविली, पंचांनी हुकूम दिला का, एवढेच विचारले जाते, आणि या प्रश्नांना पुराव्याने उत्तर देता येते. ज्या समाजाला आपल्या दुःखातून इतरांच्याही कामी येईल असा कायदा काढता आला, त्याने दुःखाच्या शर्यतीत पहिले येण्याची गरज उरत नाही. आणि ज्याला तसा कायदा नको आहे, त्याने आपण पीडित असल्याचे कितीही पुरावे आणले तरी अडविलेली वाट मोकळी करून देण्याचे त्याचे देणे बाकीच राहते.