मोटारींतील स्वयंचलित थंडावा आणि त्याच्या बिघाडाचा शोध

मोटारगाडींतील हवा बसणाऱ्याच्या सोईप्रमाणें थंड राखणारें जें यंत्र असतें, त्यास आपण सामान्यतः ‘एसी’ म्हणतों. असें यंत्र कारखान्यांतच बसवून विकण्यास अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९३९ च्या अखेरीस प्रारंभ केला. त्या गाडींत थंडी पुरे झाली म्हणजे इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टा हातानें काढावा लागे! पुढें १९६४ च्या कॅडिलॅक गाड्यांत, हवें तें उष्णतामान एकदां ठरवून दिलें असतां तें आपोआप राखणारी योजना आली. तीच स्वयंचलित योजना आज आपल्या जिल्ह्यांतील अनेक गाड्यांत दिसते. चालक २४ हा आंकडा लावतो, आणि पुढचें सर्व यंत्र पाहतें. मात्र तें बिघडलें म्हणजे दोष कोठें आहे हें समजणें साध्या एसीपेक्षां कठीण जातें. त्या दोषाचा शोध क्रमानें कसा घ्यावा, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हा केवळ चैनीचा प्रश्न आहे, असें कोणी समजूं नये. नंदुरबार, शहादा, तळोदा या भागांत वैशाखांत उष्णतामान ४० अंशांच्या वर जाणें नवलाचें नाहीं. धडगांवकडील एखादा रुग्ण सातपुड्याचा घाट उतरून, शहादा व प्रकाशा या मार्गानें नंदुरबारच्या रुग्णालयांत आणावयाचा असतां, त्या दुर्बळ देहास गाडींतील उकाडा किती सोसेल, हा जिवाचाच प्रश्न असतो. सुरत-धुळे महामार्ग आपल्या नवापूर तालुक्यांतून जातो. त्यावरून रात्रंदिवस मालमोटारी चालविणाऱ्यांचे हाल लक्षांत घेऊन, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींत चालकाच्या कक्षास वातानुकूलन असलेंच पाहिजे, असा नियम केंद्र सरकारनें २०२३ सालीं केला. शिवाय, भाड्याची गाडी हांकून संसार चालविणाऱ्या गृहस्थानें दोष न शोधतां एकामागून एक भाग बदलले, तर त्याची कित्येक दिवसांची कमाई व्यर्थ जाते.

प्रथम यंत्राचें तत्त्व पाहूं. माठांतील पाणी बाहेर झिरपून वाफ होतांना उष्णता ओढून घेतें, व माठ गार होतो. एसीचें मूळ तत्त्व हेंच आहे. पुष्कळ गाड्यांत आर-१३४ए नांवाचा गॅस असतो. साध्या दाबाखालीं तो शून्याखालीं सुमारें २६ अंशांवरच उकळतो. इंजिनाच्या शक्तीनें चालणारा कॉम्प्रेसर हा गॅस दाबतो, त्यामुळें तो तापतो. गाडीच्या तोंडाशीं असलेल्या कंडेन्सरच्या जाळींत बाहेरच्या वाऱ्यानें त्याची उष्णता निघून जाते व त्याचा द्रव होतो. हा द्रव बारीक छिद्रांतून डॅशबोर्डामागील कूलिंग कॉइलमध्यें शिरतांच दाब उतरतो, त्याची वाफ होते आणि कॉइल थंडगार पडते. तिच्यावरून पंख्यानें लोटलेली हवा आपल्या अंगावर येते.

स्वयंचलित योजनेंत याशिवाय एक कारभारी असतो. तो म्हणजे एक लहानसा इलेक्ट्रॉनिक गणक. त्याला बातमी देणारे हेर म्हणजे सेन्सर. एक गाडीच्या आंतील हवा मोजतो, एक पुढील बंपरामागें राहून बाहेरची हवा मोजतो, एक कांचेजवळ बसून उन्हाचा प्रखरपणा पाहतो, आणि एक कॉइलपाशीं असतो. बातमी मिळाली म्हणजे कारभारी पंख्याचा वेग बदलतो, कॉम्प्रेसर चालवितो अगर थांबवितो, आणि लहान मोटरींच्या योगें आंतील झडपा फिरवितो. त्यांपैकीं एक झडप थंड व ऊन हवेचें मिश्रण ठरविते. तेव्हां दोष तीन ठिकाणीं असूं शकतो: थंडी उत्पन्न करणाऱ्या भागांत, बातमी देणाऱ्या सेन्सरांत, किंवा हुकूम बजावणाऱ्या पंख्या-झडपांत.

आतां परीक्षेची रीत पाहूं. उन्हांत उभ्या असलेल्या गाडीचीं दारें प्रथम उघडून कोंडलेली वाफ जाऊं द्यावी. मग गाडी मोकळ्या जागीं चालू करून उष्णतामान सर्वांत खालीं, पंखा पूर्ण वेगावर, आणि बाहेरची हवा बंद असें ठेवावें. दहा मिनिटें थांबून तीन प्रश्न विचारावे. हवा भरपूर येते काय? ती थंड आहे काय? आणि सांगितलेलें यंत्र ऐकतें काय?

हवाच कमी येत असेल, तर प्रथम केबिनचा फिल्टर पाहावा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागें असतो. आपल्याकडे रस्त्याची धूळ पुष्कळ, कापसाचे तंतु उडतात, आणि नंदुरबारच्या भोंवतालीं मिरच्यांच्या पथाऱ्या पसरतात त्या दिवसांत हवेंत तिखट पूडही असते. हीं सर्व फिल्टरावर बसतात. फिल्टर स्वच्छ असेल तर पंख्याचा फ्यूज व त्याचा वेग राखणारा भाग तपासावा. तासाभराच्या प्रवासानंतर वारा मंदावून, एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुनः येत असेल, तर कॉइलवर बर्फ धरतें असें समजावें. त्यास कोंदलेला फिल्टर, कॉइलचा सेन्सर अगर अपुरा गॅस कारण असूं शकतो.

हवा भरपूर परंतु थंड नसेल, तर बॉनेट उघडून पाहावें. हात, ओढणी, गळपट्टा इत्यादि फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवावें. एसी लावतांच कॉम्प्रेसरच्या तोंडाशीं असलेली चकती फिरूं लागते काय, हें दुरूनच पाहतां येतें. मात्र कांहीं नव्या कॉम्प्रेसरांत ती चकती सदैव फिरते, म्हणून तेवढ्यावरून निर्णय करूं नये. गाडी धांवतांना थंडावा येतो व थांबल्यावर जातो, असें असेल तर कंडेन्सरपुढील विजेचा पंखा बंद असण्याचा किंवा जाळी चिखलानें भरल्याचा संभव फार. नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग दिसला, तर तेथून गॅस गळतो असा संशय घ्यावा. गॅससोबत थोडें तेल वाहत असतें, तेंच तेथें दिसतें.

कॉम्प्रेसर चालतो, जाड नळी हातास गार लागते व तिच्यावर दंव धरतें, तरीही आंत ऊन हवाच येते, असें असेल तर गॅसचा दोष नव्हे. मिश्रणाची झडप अडकली असावी. गाडी चालू करतांच डॅशबोर्डामागून टक्-टक् असा आवाज येत राहिला, तर झडपेच्या लहान मोटरीचे प्लास्टिकचे दांते झिजले असें बहुधा निघतें. एका बाजूस थंड व दुसऱ्या बाजूस ऊन हवा येणें, हेंही बहुधा याच दोषाचें लक्षण आहे. कांहीं गाड्यांत मात्र गॅस थोडा उणा झाला तरी असें होतें.

सर्वांत फसवा दोष सेन्सराचा. उष्णता वाढली म्हणजे या सेन्सराचा विद्युत्-रोध कमी होतो, व थंडी वाढली म्हणजे रोध वाढतो. आतां उंदरानें तार कुरतडली तर काय होईल? रोध अनंत होईल, आणि कारभाऱ्यास वाटेल कीं बाहेर भयंकर गारठा आहे. पुष्कळ गाड्यांत बाहेर फार थंडी असतां कॉम्प्रेसर चालूं न देण्याची व्यवस्था असते. तेव्हां भर वैशाखांत गाडीपुरता पौष येतो, आणि सर्व भाग धडधाकट असूनही थंडावा मिळत नाहीं! म्हणून बाहेरच्या हवेचा जो आंकडा गाडी दाखविते, तो खरा वाटतो काय, हें आधीं पाहावें. तसेंच डॅशबोर्डावर कापड, कागद अगर मूर्ति ठेवून ऊन मोजणारा सेन्सर झांकला असेल, किंवा आंतील सेन्सराची बारीक जाळी धुळीनें बुजली असेल, तर तें दूर करावें. यास एक पैसाही पडत नाहीं. पुष्कळ गाड्या आपल्या दोषाचा सांकेतिक आंकडा आपणच सांगतात. तो मेकॅनिकाकडील स्कॅनरावर वाचतां येतो.

गॅसच्या नळ्या मात्र आपण कदापि उघडूं नयेत. सुटलेला द्रव कातडी गोठवितो व डोळा घालवूं शकतो. बॉनेटखालील पत्रकावर गॅसची जात व वजन लिहिलेलें असतें. जाणत्या मेकॅनिकानें प्रथम गळती बंद करावी, नळ्यांतील हवा पंपानें ओढून काढावी, आणि मग तोलूनच गॅस भरावा. दर उन्हाळ्यास नुसता गॅस भरून घेणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. शिवाय आर-१३४ए हा गॅस पृथ्वीची उष्णता वाढविण्यांत, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १४३० पट प्रबळ मानला जातो. अशा गॅसांचा वापर उतरविण्याचा किगाली येथील २०१६ चा करार भारतानें २०२१ सालीं मान्य केला. आपल्या गाडीच्या थंडाव्यासाठीं गळूं दिलेला गॅस अखेर आपल्याच शेतांवरील ऊन वाढवितो.

विद्यार्थ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. एसी चालू आहे म्हणून लहान मुलास अगर वृद्धास बंद गाडींत एकटें सोडूं नये. इंजिन अगर यंत्र बंद पडतांच ती गाडी थोडक्या मिनिटांत भट्टी होते.

तात्पर्य, आधीं पाहावें, मग तपासावें, आणि शेवटीं बदलावें. जो हा क्रम पाळील, त्याचा पैसा वांचेल. आणि घाटांतून रुग्ण घेऊन येणाऱ्या चालकानें तो उन्हाळ्यापूर्वीं पाळला असेल, तर ऐन वेळीं त्याची गाडी दगा देण्याचा संभव फार थोडा राहील.