नाणे वाजवून, नक्कल पारखून
जुन्या दस्तऐवजांच्या संगणकीय प्रतींची तपासणी

मुंबई-आग्रा मार्गावर डोंगरांच्या कुशीत वसलेले चांदवड रंगमहाल आणि रेणुकादेवीचे मंदिर यांमुळे सर्वपरिचित आहे. होळकरांच्या काळी येथे टांकसाळही होती. येथे पाडलेला रुपया नाशिक-खानदेशच्या बाजारपेठांत चाले. रुपया हाती आला की सराफ तो वाजवून पाही, कसास लावी आणि मगच तिजोरीत ठेवी. जुन्या दस्तऐवजांच्या संगणकीय प्रतींनाही आज अशाच पारखीची गरज आहे.

राज्यातील जुने भूमी अभिलेख स्कॅन करण्याचे काम ‘ई-अभिलेख’ या नावाने हाती घेण्यात आले असून त्यात नाशिक जिल्ह्याचाही समावेश आहे. जुने सात-बारा, फेरफार, कडई पत्रके यांचे कागद ठिसूळ झाले आहेत. काही नोंदी मोडी लिपीत आहेत. अशा नोंदीतील एका आकड्यावर एखाद्या कुटुंबाचा जमिनीवरील हक्क अवलंबून असू शकतो.

स्वच्छ, पण चुकीची

२०१३ साली जर्मनीत एक विलक्षण प्रकार उघडकीस आला. बांधकामाच्या एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. नक्कल काढणाऱ्या यंत्राने मात्र तिन्ही ठिकाणी १४.१३ हाच आकडा उमटविला. जागा वाचावी म्हणून यंत्र दिसण्यात सारखे वाटणारे तुकडे एकदाच साठवून पुन्हा पुन्हा वापरीत होते. प्रत पुसट असती, तर शंका तरी आली असती. ती स्वच्छ होती, म्हणूनच धोका मोठा होता. मूळ प्रत अशा रीतीने आकुंचित करू नये, हा यातील पहिला धडा होय.

चित्राची कसोटी

दुसरी बाब सूक्ष्मतेची. एका इंचात ३०० बिंदू घेतले, तर दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षराला सुमारे २४ बिंदू मिळतात. १०० घेतले, तर केवळ आठ. आठ बिंदूंत ‘१’ आणि ‘९’ यांतील भेद सहज हरवतो. यासाठी कामाच्या आरंभी बारीक रेषा आणि करड्या रंगाच्या छटा असलेला प्रमाणित तक्ता स्कॅन करतात. ‘इमेटेस्ट’सारखी संगणक प्रणाली मिळालेली छटा मूळ छटेशी ताडून पाहते आणि रेषा कोठवर सुट्या दिसतात हे मोजते. तथापि, यंत्राचा कौल पुरेसा नव्हे. काही पाने जाणकाराने मूळ कागदाशी ताडून पाहिलीच पाहिजेत.

तबकडीची कसोटी

अनेक ठिकाणी प्रती सीडी आणि डीव्हीडी तबकड्यांवर ठेवल्या गेल्या. लेसर किरण तबकडीवरील खुणा वाचतो. वाचताना चुका होतातच. परंतु मजकुरासोबत नोंदविलेल्या जादा अंकांच्या आधारे त्या दुरुस्त होतात. त्यामुळे तबकडी आज उघडते, एवढ्यावरून ती सुस्थितीत आहे असे ठरत नाही. चुका मर्यादेबाहेर गेल्या की ती एकाएकी वाचता येईनाशी होते.

‘ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल’ यासारख्या प्रणाली दुरुस्त झालेल्या चुकांचीही मोजदाद करतात. सीडीच्या मानकानुसार दहा सेकंदांच्या सरासरीत सदोष खंड सेकंदाला २२० पेक्षा कमी असावे लागतात. मात्र प्रत्येक वाचक यंत्र अशी मोजणी देत नाही आणि एकाच तबकडीची मोजणी दोन यंत्रांवर वेगळी येऊ शकते. म्हणून तपासणी ठरावीक काळाने, त्याच यंत्रावर आणि त्याच वेगाने करावी. आकडा वाढत असल्यास मजकूर तत्काळ दुसरीकडे उतरवावा.

नोंदवहीतील साक्ष

प्रत्येक फाइलची संगणकीय ओळखसंख्या काढून नोंदवहीत स्वतंत्र ठेवणे हिताचे ठरते. ‘शा-२५६’ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. फाइलमधील एक बिंदू जरी बदलला, तरी ती संख्या बदलते. परंतु मूळ स्कॅनच चुकले असेल, तर ही संख्या त्या चुकीचेच इमानाने रक्षण करील. म्हणून चित्राची तपासणी प्रथम, ओळखसंख्या नंतर, हाच क्रम योग्य होय.

तबकड्या ऊन आणि उष्णता यांपासून दूर, डबीत उभ्या ठेवाव्यात. त्या वाचणारी यंत्रे नव्या संगणकांतून नाहीशी होत असल्याने त्यांवरील मजकूर हार्ड डिस्कवर उतरवून एक प्रत अन्य गावी ठेवणे श्रेयस्कर. आणि प्रती पारखून झाल्या, तरी मूळ दप्तर जपलेच पाहिजे; कारण शंका आल्यास अखेरचा निवाडा त्या जीर्ण कागदावरच होणार आहे.