मरता न येणारा बाहुला

इटालियन लेखक कार्लो कोलोदीने १८८१ मध्ये मुलांच्या नियतकालिकात पिनोकिओची गोष्ट क्रमशः लिहायला घेतली, तेव्हा पंधराव्या प्रकरणात त्या लाकडी पोराला झाडावर फासाला लटकवून त्याने विषय संपवला होता. वाचकांनी ऐकलं नाही, म्हणून बाहुला परत आला. डिस्नीने १९४० मध्ये तो गोंडस केला. गिएर्मो देल तोरो आणि मार्क गुस्ताफसन यांच्या २०२२ च्या स्टॉप-मोशन चित्रपटाने मात्र मरणच गोष्टीच्या मध्यभागी आणून बसवलं.

यातल्या बाहुल्या खऱ्याखुऱ्या, हाताने हलवलेल्या. ॲनिमेटर बाहुली केसभर सरकवतो, कॅमेरा एक चित्र टिपतो, पुन्हा केसभर. सेकंदाला २४ फ्रेम. हिशेब ज्याचा त्याने करावा. उडी मारणाऱ्या बाहुलीला तोलणारे टेकू पुसायला, समुद्र-आभाळ जोडायला मग संगणक येतो.

खरी अक्कल दिसते ती चेहऱ्यांत. पिनोकिओला घडवणाऱ्या जेपेट्टो सुताराची कातडी सिलिकॉनची. आत घड्याळातल्यासारखी दातेरी चाकं. ती किंचित फिरवली की गालाची सुरकुती हलते. मँचेस्टरजवळच्या मॅकिनन अँड साँडर्स या कार्यशाळेने असे चेहरे ‘कॉर्प्स ब्राइड’ (२००५) या चित्रपटासाठीही घडवले होते. पिनोकिओ लाकडाचा, त्याला सुरकुती पडणार कशी? म्हणून त्याचे हावभाव संगणकावर घडवून थ्रीडी प्रिंटरवर छापले. एक कडक चेहरा काढायचा, दुसरा बसवायचा. मर्त्य माणसाला एकच कातडी, जन्मभर पुरवायची. न मरणाऱ्याला सुटे भाग! दिग्दर्शकांनी हे मुद्दाम योजलं की लाकडानेच भाग पाडलं, कोण जाणे. पण कथेला ते चपखल बसलं आहे.

कारण हा पिनोकिओ मरतो आणि परततो. जेपेट्टोचा मुलगा पहिल्या महायुद्धातल्या बॉम्बने गेलेला; त्याच्या जागी आलेल्या या पोराला मरण ठाऊकच नाही. परलोकात काळे ससे पत्ते कुटत बसलेले. तिथली मृत्युदेवता वाळूचं घड्याळ उलटं करते. वाळू संपली की परत जा, मात्र दर खेपेला जास्त थांब. जेपेट्टो बुडतो आहे म्हटल्यावर पिनोकिओला थांबायला सवड नसते. तो घड्याळ फोडतो, आणि त्याची किंमत म्हणून मर्त्य होतो.

मुसोलिनीच्या फौजा, पोरांना लढायला शिकवणारी छावणी, जत्रेतल्या खेळाचा लबाड मालक हे सगळंही आहे. त्या मालकाचं माकड दोऱ्यांच्या बाहुल्या नाचवून त्यांच्या तोंडून बोलतं, तो प्रसंग जरूर पाहावा. गाणी मात्र दोन-तीन कमी असती तरी चाललं असतं.