‘आज क्लासला नको’ : जिम्नॅस्टच्या उमेदीबद्दलचे सहा गैरसमज

शाळेचं दप्तर आईकडे, क्लासची बॅग मुलीकडे, आणि दोघी संध्याकाळच्या लोकलमध्ये. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या कितीतरी घरांचा हा रोजचा परिपाठ. कुणी विलेपार्ल्याच्या प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुलात उतरतं, कुणी मल्लखांबासाठी थेट दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर गाठतं. तीन-चार वर्षं असं सुरळीत चालतं आणि एके दिवशी मुलगी म्हणते, “आज नको.” घरात लगेच निदान होतं, हिच्यात जिद्दच नाही. पण उमेद काही जन्मजात पुंजी नव्हे. सराव कसा आखलाय, त्यावर ती वाढते किंवा आटते. म्हणून आधी काही समजुती तपासून घ्याव्यात.

गैरसमज : आधी उमेद हवी, मग सराव होतो.

वस्तुस्थिती : बहुतेकदा क्रम उलटा असतो. जमायला लागलं की गोडी लागते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाला आतून टिकवून धरणाऱ्या गरजा तीन : मला जमतंय, थोडंफार मी ठरवतोय आणि इथली माणसं माझी आहेत. जिम्नॅस्टिक्समध्ये पहिली गरज पायऱ्यांनी भागते. बीम पाच मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि रुंदीला फक्त 10 सेंटीमीटर. त्यावरची कार्टव्हील आधी जमिनीवर आखलेल्या रेषेवर होते, मग बुटक्या बीमवर, मग बाजूला मॅट रचून आणि सरांच्या सपोर्टने उंच बीमवर. प्रत्येक पायरीला “आलं!” म्हणायला मिळतं. मधल्या पायऱ्या गाळल्या, की महिनोन्‌महिने ‘नाही आलं’ एवढंच हाती उरतं.

गैरसमज : येत असलेला आयटम बिघडला, म्हणजे लक्ष उडालं.

वस्तुस्थिती : आधी उंची मोजा. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. हातपाय लांबतात, वजन वाढतं, आणि तेच शरीर हवेत फिरवायला जास्त जोर लागतो. गेल्या वर्षी डोळे झाकून मारलेली फ्लिप यंदा अर्धवट राहते. ताकद आणि अंदाज नव्या मापाशी जुळायला काही महिने जातात. तोवर अवघड आयटम थोडे बाजूला ठेवून कंडिशनिंग आणि मूलभूत गोष्टींवर भर दिला, तर मुलगी टिकते. याच काळात ‘आळशी झालीस’ असं ऐकलं, तर ती निघून जाते. टाच, मनगट किंवा कंबर सतत दुखत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे.

गैरसमज : घाबरली म्हणजे संपली.

वस्तुस्थिती : हवेत असताना आपण नेमके कुठे आहोत याचं भान सुटण्याला जिम्नॅस्ट ‘ट्विस्टीज’ म्हणतात. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या सिमोन बाइल्सला हेच झालं आणि ती सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. पुढे 2024 मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्यपदक जिंकलं. भीती ही शरीराची सूचना असते. ती दामटून पुढे गेलं तर मान-पाठ धोक्यात येते. एक पायरी खाली उतरून पुन्हा चढणं, हाच त्यावरचा रस्ता.

गैरसमज : बक्षिसाचं आमिष दाखवलं की मूल धावतं.

वस्तुस्थिती : 1973 मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना आधीच प्रमाणपत्र कबूल केलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली. अवचित मिळालेल्या बक्षिसाने मात्र गोडी घटली नाही. ‘मेडल आणलंस तर सायकल’ या सौद्याची गोम इथे आहे. खेळाची जागा सायकल घेते.

गैरसमज : ओरडा खाल्ल्याशिवाय खेळाडू घडत नाही.

वस्तुस्थिती : ब्रिटनमधल्या जिम्नॅस्टिक्सची चौकशी करणाऱ्या व्हाइट अहवालात 2022 साली 400 हून अधिक निवेदनांचा विचार झाला. वजनावरून टोमणे, दुखापत असताना सराव, सतत धाक अशा गोष्टी त्यातून पुढे आल्या आणि मोठेपणीही त्याचे व्रण राहिल्याचं अनेकींनी सांगितलं. शिस्त हवीच. वेळ पाळणं, मॅट नीट लावणं, आयटम पुन्हा करायला लावणं ही शिस्त झाली. अपमान त्यात मोडत नाही.

गैरसमज : अंगकाठी तशी नाही, वय निघून गेलं, आता दहावीला सोडलेलंच बरं.

वस्तुस्थिती : त्रिपुराच्या दीपा कर्माकरचे तळपाय सपाट होते. 2016 मध्ये रिओत व्हॉल्टमध्ये ती चौथी आली, कांस्यपदक 0.15 गुणाने हुकलं. 2017 मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तरी 2024 मध्ये तिशीत तिने आशियाई सुवर्ण जिंकलं. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना 46व्या वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये उतरली. आपल्याकडे मल्लखांबपटू हिमानी परबला 2021चा अर्जुन पुरस्कार मिळाला. बोर्डाच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना सवलतीचे क्रीडागुण आहेत आणि राज्य सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षणही. दहावीच्या वर्षी आठवड्याचे सहा दिवस दोनवर आणता येतात. थोडा सराव चालू राहिला, तर परीक्षेनंतर परतणं पुष्कळ सोपं जातं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘नको’ ऐकू आलं, तर ‘का नको?’ असं दरडावू नका. ‘कुठला आयटम आला की नको वाटतं?’ असं विचारा. उत्तर बहुतेकदा नेमकं मिळतं. बीम, एखादी मैत्रीण, घोट्याचं दुखणं किंवा सरांचा आवाज. ते घेऊन सरांशी किंवा ताईंशी बोला, महिनाभर बदल करून बघा. त्यानंतरही ती ‘नकोच’ म्हणाली, तर तिचं ऐका. कमावलेली ताकद, तोल आणि लवचिकता नाचात, डायव्हिंगमध्ये किंवा मल्लखांबावरही तिच्या उपयोगी पडते.