पहिला धंदा उभा करायचा तर...

कामोठे हे सिडकोने वसवलेले उपनगर 2016 पासून पनवेल महापालिकेत आहे. एमजीएमची वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालये इथेच, तळोज्याची एमआयडीसी जवळ, नवी मुंबईचा विमानतळही फार लांब नाही. शिकणारी मुले आणि कारखाने इतके शेजारी असताना धंद्याचे शिक्षण मात्र पदवीनंतरच सुरू व्हावे, हे पटत नाही.

हा प्रश्न देशाच्या ताकदीचाही आहे. भारताच्या माल-निर्यातीत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या उत्पादनांचा वाटा सुमारे 45 टक्के आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकायला पाठवण्याची कल्पना मांडली. ती प्रत्येक शाळेने मनावर घ्यावी.

राज्यात प्रशिक्षणाचे काम 1988 मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र करते. भांडवलासाठी 2008 पासून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. त्यासाठी वय किमान 18 हवे. 2022 च्या सुधारणेनंतर उत्पादन प्रकल्पाची मर्यादा 50 लाख, सेवा व्यवसायाची 20 लाख रुपये आहे. शहरी भागात अनुदान 15 टक्के. महिला, मागासवर्गीय, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि दिव्यांगांना 25 टक्के. स्वतःचा वाटा अनुक्रमे 10 आणि 5 टक्के, बाकीचे बँकेचे कर्ज.

अर्ज ऑनलाइन भरता येतो. दलालाला पैसे देऊ नका. अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात थेट विचारा.