ओठावरचा फोड आणि पुरेशी झोप

परीक्षा जवळ आली, सलग चार-पाच रात्री जागून अभ्यास झाला आणि नेमक्या पेपरच्या सकाळी ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा पुंजका उठला! असा अनुभव पुष्कळांना येतो. ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’, असे घरातली मोठी माणसे म्हणतात. वस्तुतः हे काम एका विषाणूचे आहे. त्याचे नाव हर्पिस सिम्प्लेक्स, प्रकार 1.

हा विषाणू बहुधा बालपणीच लाळेवाटे शरीरात शिरतो. कित्येकदा त्याचा पत्ताही लागत नाही. एकदा शिरला की तो जन्मभर मुक्काम करतो. फोड बरा झाला तरी विषाणू नाहीसा होत नाही. चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूतून तो मागे सरकतो आणि कवटीच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या गाठीत निद्रिस्त राहतो. गुडपाश्चर या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1929 साली असा तर्क मांडला होता. 1970 नंतर मानवी चेतागाठींत हा विषाणू सापडला आणि तर्क खरा ठरला.

मग तो जागा कधी होतो? टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्या गाठीत पहारा देत असतात. ताप, कडक उन्हातील अतिनील किरण, मानसिक ताण आणि अतिश्रम ही तो जागा होण्याची परिचित निमित्ते आहेत. दीर्घ ताण व जागरण यांमुळे पहारेकरी पेशींचे काम मंदावते. ही संधी साधून विषाणूंची संख्या वाढते आणि ते त्याच मज्जातंतूवाटे ओठाकडे परततात.

विश्रांतीने विषाणू मरत नाही. त्याला समूळ नष्ट करणारे औषधही अद्याप नाही. परंतु शरीराचा पहारा शाबूत ठेवणे आपल्या हाती आहे. तुमच्या वयात रोज 8 ते 10 तास झोप हवी. अभ्यास महिनाभर विभागून करा. उन्हात टोपी घाला. फोड आलाच तर त्याला हात लावू नका, तोच हात डोळ्याला तर मुळीच नको. पेला व टॉवेल वेगळे ठेवा आणि तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नका.

ज्यांना असे फोड वारंवार येतात, त्यांनी एक वही करावी. रोजची झोप, ऊन, ताप आणि फोड यांची वर्षभर नोंद ठेवावी. एक-दोन वेळच्या योगायोगावरून निष्कर्ष काढू नये. पण वर्षाअखेरीस आपले निमित्त कोणते, हे कदाचित तुमचे तुम्हालाच उमगेल.